राघूंचे डोळे कुणी काढायचे

माय,

यंदा महालक्ष्म्यांना घरात काय झालं ते तुला सांगायला बसलोय. खरं तर तुला सांगू नये असंच झालं. पण या घरात राघूंसाठी जीव टाकणारी आणि राघूंवरूनच दुसऱ्याचा जीव घेणारी अशी तू एकटीच होतीस. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यातली गंमत कळायची नाही आणि भीती तर मुळीच कळायची नाही. मी आता पन्नाशी ओलांडलीय. अंबाजोगाईत राहतो, कॉलेजात शिकवतो आणि आठवड्याला एक लेख लिहून चार माणसं दुखावतो. त्या चारांतले दोघं मला रस्त्यात गाठून "सर, झकास हाणलंत" म्हणतात, कारण त्यांना वाटतं मी उरलेल्या दोघांवर लिहिलंय. तुला हे आवडलं असतं. तू हेच करायचीस, न लिहिता.

तेलगावचं आपलं स्वयंपाकघर मला फोडणीच्या वासानं आठवत नाही, लाकडाच्या भुश्यानं आठवतं. नागपंचमी झाली की तू चुलीपासून हातभर लांब पोतं अंथरायचीस, त्यावर पाट पालथा घालायचीस आणि बसायचीस. एका गुडघ्याखाली फळी दाबलेली, हातात आरी, पदर कमरेला. शाळेतून आलो की भाकरी मागायच्या आधी फळी धरायची, असा आम्हा दोघा भावांना कायदा होता. लोक महालक्ष्म्यांच्या डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतात. आपल्या घरी त्या फुलोऱ्यात लाकडाचे पाच राघू असायचे. हे कुठून आलं, तुझ्या माहेरचं की तुझ्या डोक्यातलं, ते तू कधी सांगितलं नाहीस. विचारलं की उसळायचीस, "देवीला करमाया नगं का? तीन दिस नुसतं हुभं ऱ्हायचं, तिच्याशी बोलाया कोन हाय? तुमी?" आता राघू म्हणजे काही कोरीव काम नव्हे. वीतभर लांबीचा, सपाट फळीचा, मान जाड, शेपूट सुपासारखी पसरलेली. बाबा कारखान्यातून दमून आलेले, एकदा सहज म्हणाले, "ह्यो राघू हाय का बदक?" त्या दिवशी त्यांच्या वरणात मीठ नव्हतं, आणि ते त्यांनी न बोलता खाल्लं.

फळीसाठी तू एसटीनं अंबाजोगाईला जायचीस. तेव्हा सफरचंदं लाकडाच्या खोक्यांतून यायची, पांढऱ्या, मऊ, आरीला लोण्यासारख्या लागणाऱ्या फळ्यांचे खोके. स्टँडाबाहेरचे फळवाले चाचा तुझ्यासाठी दोन-तीन बाजूला ठेवायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "बाई, हर साल खाली खोका ले जाते, कभी सेब भी तो ले जाओ." तू म्हणायचीस, "सफरचंद कुणाला पायजे चाचा? त्याची भाजी होत न्हाई." ते म्हणायचे, "फिर खोके का भाव लगाऊँ?" "लावा की. मी हितंच हुभी ऱ्हाते आन् गिऱ्हाइकाला सांगते, आतून काळं निघतंय म्हणून." चाचा हसत हसत खिळे उपटून फळ्या मोकळ्या करून द्यायचे, आणि वर माझ्या हातात एक डागाळलेलं सफरचंद ठेवायचे. आता सफरचंदं पुठ्ठ्यात येतात. वहिनी, म्हणजे तुझी थोरली सून, मोटारींच्या दुकानातून पॅकिंगच्या फळ्या मागून आणतात. त्या राठ असतात, पण आमच्या वहिनीही काही कमी राठ नाहीत.

रंगांचंही तुझं वेगळं शास्त्र. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवून खळ करायची आणि त्यात खडूची पूड कालवून फळीला पांढरं अस्तर द्यायचं. चुना चालायचा नाही. चुन्यावर हळद लाल होते आणि राघू भाजल्यासारखा दिसतो. अस्तर वाळलं की हळद आणि नीळ एकत्र करून काढलेला हिरवा. चोचीला कुंकू. डोळ्याला एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. हळद, कुंकू, काजळ. आता लिहिताना दिसतं की सगळं सामान सवाष्णीच्या ताटातलं होतं. तेव्हा ते आम्हाला नुसते रंग वाटायचे.

आणि डोळे सगळ्यांत शेवटी. महालक्ष्म्या घरात यायच्या त्याच दिवशी, कडुनिंबाच्या काडीनं, एका टेकवणीत. एकदा डोळा उघडला की त्या लाकडाला पुन्हा हत्यार लावायचं नाही, आरी नाही, कानस नाही, पॉलिश पेपरसुद्धा नाही. मी चौथीत आहे. तू पाणी आणायला गेलीयस आणि पाटावर एक राघू अर्धाच तासलेला पडलाय, एक पंख गुळगुळीत, दुसऱ्यावर अजून आरीचे दात. माझ्या हाताला काजळाची वाटी लागते आणि मी त्याला डोळे काढतो, दोन्ही बाजूंनी, चांगले टपोरे. तू येतेस, बघतेस. मी गालावर हात ठेवून तयारच आहे. पण तू मारत नाहीस. राघू उचलून माझ्या तोंडासमोर धरतेस आणि म्हणतेस, "आता लाव ह्याला कानस. लाव की. बघायलाय तो तुझ्याकडं." मला रडू फुटतं. तो राघू त्या वर्षी तसाच टांगला गेला, अर्ध्या अंगानं ओबडधोबड, आणि जेवायला आलेल्या प्रत्येक बाईला तू सांगितलंस की तो माझ्या हातचा आहे. त्यापेक्षा मार परवडला असता.

आता जे सांगणार आहे त्यासाठी आत्याला मध्ये आणावं लागेल. बाबांची ही थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला म्हणून माहेरी परत आली आणि माजघराच्या दारातल्या खांबाला टेकली ती टेकलीच. तिनं तुला कधी शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. ती खोकायची. मीठ जास्त पडलं, खोकला. पदर ढळला, खोकला. बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्या. तू नेहमीसारख्या फळ्या कापल्यास, तासल्यास, रंगवल्यास. दादाचं लग्न नुकतंच झालेलं, वहिनी धर्मापुरीहून नव्यानं आलेल्या, हिरव्या चुड्यात अवघडलेल्या. तू काजळाची वाटी पुढं ओढलीस, काडी बुडवलीस, आणि खांबापासून खोकला आला. लहानसाच. तू काडी वाटीच्या काठावर ठेवलीस. हात पदराला पुसलेस, काजळ लागलेलं नसतानाही. मग म्हणालीस, "सूनबाई, हिकडं ये. डोळे तू काढ." आणि त्या पोरीच्या डोक्यावर उभी राहून तिला फाडून खाल्लंस. "आगं खाली बघू दे त्याला, देवीच्या पायाकडं. वर कावून बघायलाय निर्लज्जावानी? पूस. न्हाई, पुसायचं न्हाई आता. ऱ्हाऊ दे. दुसरा नीट काढ." वहिनींनी मान वर न करता दुसरा राघू पुढं ओढला. मी दारात उभा होतो आणि मला एवढंच कळलं होतं की तू वहिनींवर चिडलेली नाहीस.

तो खोकला तुला भिववून गेला, की तुझाही त्यावर विश्वास होता, हे मी कधी विचारलं नाही. तू विचारू देणारी नव्हतीस. त्यानंतर तू जिवंत होतीस तेवढी वर्षं कापायची तू, तासायची तू, रंगवायची तू आणि डोळ्यांपाशी आलं की उठून चुलीकडं जायचीस. अंबाजोगाईच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तुला धड बोलता येत नव्हतं, तरी वहिनींचा हात धरून म्हणालीस, "कानशीला गंज चढू देऊ नगं." आम्हा पोरांना काहीच नाही म्हणालीस. दादा बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "काय बे लेखक, आपल्यापरीस कानस बरी." त्याचा आवाज चिरकला होता, म्हणून मी त्याच्याकडं बघितलं नाही.

तुझ्यामागं वहिनींनी सगळंच केलं. फळी, खळ, रंग आणि डोळे. खाली बघणारे डोळे, तू सांगितलेले, दरवर्षी. आणि दादा गेला. गेल्या वर्षी नुसती पूजा उरकली, राघू लागले नाहीत. वहिनींची लेक लग्न होऊन सासरी गेलेली, तिला तिच्या घरच्या महालक्ष्म्या. तेलगावच्या घरात उरल्या दोघी, वहिनी आणि आत्या. आत्या आता अगदी वाळून गेलीय, शुगर आहे, जेवण आणि गोळी यांत अंतर पडलं की डोळे पांढरे करते. तिचं सगळं वहिनीच करतात, न्हाऊमाखू घालण्यापर्यंत. यंदा श्रावणात वहिनींचा फोन आला, "भावजी, राघू करायले हाय. लवकर या." मी म्हणालो, "वा." मला वाटलं संपलं.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायको पोचलो, तर पाचही राघू बाजेवर ओळीनं वाळत पडलेले. हिरवेगार, लाल चोचीचे आणि आंधळे. आत्या शेजारी बसलेली, राखणीला बसावी तशी. मी पाया पडायला वाकलो तर डोक्यावर हात ठेवायच्या आधीच म्हणाली, "बरं झालं आले. बायकोला म्हण, हातपाय धू आन् डोळे काढ. येळ जायलाय."

आतून वहिनींचा आवाज आला, "डोळे मी काढनार हाय."

"कावून गं? रीत ठावं हाय न्हवं तुला?"

वहिनी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "ठावं हाय की. फळी मी कापली. तासली मी. खळ मी शिजवली. हळद मी कालवली, चोचीला कुंकू मी लावलं. तवा कुणी खोकलं न्हाई. आता काडीभर काजळापुरता माझा हात वंगाळ झाला का?"

"मी काय वंगाळ म्हणले न्हाई. सवाशीन हाय घरात, तिनं काढावं."

"मुखवटे जाऊबाईच आणतील. पावलं त्याच काढतील. हळदीकुंकू त्याच लावतील. माझं कायबी म्हणनं न्हाई. पर राघू माझे हायत. त्याचे डोळे दुसऱ्यानं काढायचे आसतील तर राघू लागनार न्हाईत. यंदा न्हाई आन् फुडंबी न्हाई. आरी-कानस घिऊन जा भावजी, अंबाजोगाईला शोकेसमधी ठिवा. पाव्हने आले की दाखवा."

"आन् तिनं काढले," आत्या माझ्याकडं बघत म्हणाली, "तर मी ह्या घरात अन्नाला शिवनार न्हाई. गोळीबी घेनार न्हाई. सांग आता. पुरुष मानूस तू येकलाच ऱ्हायलास घरात."

माय, तुला ठाऊक नाही, पण या विषयावर माझं भाषण झालेलं आहे. विधवांना सणात मान द्यावा म्हणून अंबाजोगाईत एक कार्यक्रम झाला, त्यात मी असा काही बोललो की लोकांनी टाळ्यांसाठी मला मध्ये थांबवलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. तेलगावातसुद्धा ग्रामसभेत तसाच ठराव झालाय, एकमतानं. आत्याचाही हात वर होता. तिला वाटलं रेशनचं काहीतरी आहे. तर एवढं सगळं पाठीशी असताना मी उंबऱ्यात उभा राहून काय म्हणालो असेन? म्हणालो, "आधी चहा घेऊ."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की चहा तिथंच गार झाला. "अहो, ते भाषण आणलंय का बरोबर? वाचून दाखवा ना आत्याबाईंना." मी तिला बाजूला नेलं, म्हणालो, तूच काढून टाक की, दोन ठिपके तर द्यायचे. ती म्हणाली, "मी काढले तर ती घुबडं दिसतील. आणि जाऊबाईंच्या डोळ्यादेखत? त्यांनी महिनाभर हात सोलून घेतलेत. मला नाही जमायचं. तुम्हाला बोलायला जमत नाही म्हणून मी काडी धरायची का?" आणि ती करंज्या लाटायला आत निघून गेली. आत दोन बायका आणि एक कढई, बाहेर आत्या, मध्ये मी.

मग मला युक्ती सुचली. माझ्यासारख्या माणसाला युक्ती सुचली की घरच्यांनी सावध व्हावं. मी चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो आणि पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टला लागतात ते प्लॅस्टिकचे चिकटवायचे डोळे घेऊन आलो, पारदर्शक डबीत काळी टिकली हलते ते. हिशोब साधा होता. काजळ नको, काडी नको, कुणाचाच हात नको. मग कुणाचा अपमान नाही आणि कुणाचा उपास नाही. आत्याला डुलकी लागली होती. आत करंज्या तळणं चाललं होतं. मी बाजेवर बसून पाचही राघूंना दोन्ही बाजूंनी डोळे चिकटवले, दोऱ्या ओवल्या, फुलोऱ्याच्या दांडीला टांगले आणि स्वतःवर खूश होऊन पंखा लावला.

राघू गरगर फिरायला लागले आणि डोळ्यांतल्या टिकल्या खडखड नाचायला लागल्या. एक राघू वर बघायचा, एक नाकाकडं, एकाचे दोन डोळे दोन गावांना. बायको परात घेऊन बाहेर आली आणि हसून हसून परातीसकट खाली बसली. आत्या दचकून जागी झाली, तिनं वर बघितलं आणि देवाचं नाव घेतलं. "आरं हे काय? फेपरं आलंय का राघूला?"

वहिनी हसल्या नाहीत. पंखा बंद केला. टिकल्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"भावजी, हे काय हाय?"

"डोळे."

"कुणाचे?"

वहिनींनी दांडीवरून एक राघू सोडवला, नखानं डोळ्याची कड चाचपली, आणि तेवढ्यात आत्या कडाडली, "हात लावू नगंस! डोळे लागले त्याला. आता कायबी करता येत न्हाई. तुझ्याच सासूची रीत हाय ती."

माय, खरं सांगतो, आत्या बरोबर होती. डोळा उघडला की लाकडाला हत्यार नाही. भांडण मिटवायच्या नादात मी तुझ्या पाचही राघूंना जन्मभराचं वेड लावून ठेवलं होतं, आणि ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. शेजारच्या घरी थाळी वाजायला लागली होती. त्यांच्या महालक्ष्म्या आत चालल्या होत्या. आपल्या दारात अजून पावलंसुद्धा काढलेली नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "हत्यार लावायचं न्हाई म्हणल्यात्या सासूबाई. नखाला न्हाई म्हणल्याचं मला काय आठवत न्हाई." आणि टपकन पहिला डोळा काढून माझ्या हातावर ठेवला. मग दुसरा. डिंकाबरोबर हिरवा रंग निघून यायचा, खालून खडूचा पांढरा डाग उघडा पडायचा. माझ्या ओंजळीत ते सगळे डोळे जमा झाले आणि वेडेवाकडे माझ्याकडं बघत राहिले. बायकोनं न सांगता हळद आणि निळीची वाटी आणून ठेवली. वहिनींनी डाग भरले. पंख्याखाली वाळवले. काजळाची वाटी पुढं ओढली, काडी मोडून घेतली आणि थांबल्या.

"भावजी, येळ जायलाय. हो म्हणा का न्हाई म्हणा. गप ऱ्हाऊ नका. तुमचं गप ऱ्हानं मला लई वर्सांपासून ठावं हाय."

मी म्हणालो, "काढा वहिनी."

आत्या खोकली नाही. खोकली असती तर बरं झालं असतं. ती उठायला गेली, उठता येईना, तशीच बाजेची कड धरून बोलायला लागली, आणि माझ्याशी नाही, वहिनींशीही नाही, वरच्या दांडीशी बोलल्यासारखी. "भावाच्या लग्नात मला माजघरात कोंडून बसवलं. हळद लागायली त्याला आन् मी खिडकीतून बगायले. माझ्या धाकल्या भावाला. मी वाढवलं व्हतं त्याला. मला हौस न्हवती का? मला कुनी म्हणलं का, ये गं, तू लाव? मी बसले. रीत हाय म्हणून बसले. ह्या पोरींनाबी बसवलं. आन् आज ही काढनार, आन् कायबी व्हनार न्हाई, देवी येनार, जेवनार, जानार. मग मी कावून बसले व्हते? सांग की रे शिकल्याला हायस तर. येवढी वर्सं मी कावून बसले व्हते तिकडं?"

शेजारची थाळी थांबली. मला वाटतं तुझ्याविषयीचा माझा प्रश्न, तू भिऊन उठायचीस की मानून, तोही त्यातच कुठंतरी होता, फक्त आत्यानं तो मोठ्यानं विचारला. माझ्याकडं नुसतं भाषण होतं.

वहिनींनी वाटी उचलली, एक राघू उचलला आणि बाजेवर आत्याच्या पुढ्यात ठेवला. "काढता का येक?"

आत्यानं वाटीकडं बघितलं. मग म्हणाली, "हाताला कंप हाय माझ्या."

"आसू द्या."

"न्हाई." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

वहिनींनी वाटी परत घेतली. खाली बसल्या, पालथ्या पाटावर, एका गुडघ्याखाली पदर दाबून, आणि पाचही राघूंना डोळे काढले. एकेका टेकवणीत. हात हलला नाही. आणि माय, ते डोळे खाली बघत नव्हते. सरळ समोर, दाराकडं बघत होते, कोण येतंय, कोण जातंय. मी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग सगळं घाईत झालं. बायकोनं उंबऱ्यापासून मुठीची पावलं काढली, मुखवटे ताटात घेतले, मी थाळी बडवली आणि "कशाच्या पावलांनी, सोन्याच्या पावलांनी" म्हणत देवी आत आल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ठरल्याप्रमाणे. राघू वाऱ्यानं वळत होते आणि घरात येणाऱ्या प्रत्येकीकडं बघत होते. आलेल्या बायकांपैकी कुणालाही काही वेगळं दिसलं नाही, किंवा दिसलं आणि त्या गप्प बसल्या. एकीनं फक्त विचारलं, "यंदा रंग नवा वाटतोय का हो?"

आत्याचं ताट वहिनींनी भिंतीशीच नेऊन ठेवलं. मेथीची भाजी, भाकरी, बाजूला गोळी. जेवा म्हणाल्या नाहीत. आम्ही सगळे इकडं बसलो, प्रत्येकाचं ध्यान त्या वाकलेल्या पाठीकडं. बायकोनं माझ्या मांडीला चिमटा काढला, जा, समजूत घाल. मी हललो नाही, या वेळी भ्यालो म्हणून नव्हे. मला खरंच सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी भिंतीकडून आवाज आला, "भाकरी वातड झाली. दुसरी आन."

वहिनी उठल्या, तव्यावरची गरम भाकरी घेऊन गेल्या. आत्या जेवली, गोळी घेतली, आणि तिन्ही दिवस देवीकडं पाठ करूनच बसली. समेट म्हणू नये त्याला. दुसऱ्या दिवशी पुरणावर तूप कमी पडलं म्हणून खोकलीसुद्धा. निघताना मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला की नाही, मला नीट कळलं नाही, इतका तो हलका होता.

हे तुला पाठवायला पत्ता नाही. लिहून झालं की लेखाच्या कागदांत मिसळून टाकीन, बायकोच्या हातीही लागू देणार नाही. वहिनी काडी धरून "हो म्हणा का न्हाई म्हणा" म्हणाल्या ना, तेव्हा मी त्यांच्याकडं बघायच्या आधी चुलीशेजारी बघितलं. तू बसायचीस तिथं. तिथं कुणी नव्हतं. तू असतीस तर मी नाही म्हणालो असतो. तुला भिऊन, तुझ्या तोंडाकडं बघून, न्हाई म्हणून मोकळा झालो असतो. तू नाहीस याचं त्या दिवशी मला पहिल्यांदाच बरं वाटलं, माय.